ऑइल कमी होत नव्हतं, वाढत होतं: उजनीवरच्या बोटीचे साडेतीन महिने

१८ नोव्हेंबर २०२४. करमाळा तालुक्यातलं केत्तूर, उजनीचं बॅकवॉटर. बोट निघण्याआधी नेहमीप्रमाणे ऑइलची पट्टी काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही एक मिलिमीटर वर. २ नोव्हेंबरला नवं ऑइल भरताना पातळी मुद्दाम दोन खुणांच्या पाऊण उंचीवर ठेवली होती. त्यानंतर इंजिन २२ तास चाललं होतं. इतक्या तासांत ऑइल तेवढंच राहावं किंवा थोडं उतरावं. इथे ते चढलं होतं.

काठावरचे मिस्त्री म्हणाले, "बरंच की दादा, इंजिन ऑइल खात नाही म्हणायचं."

हा समज सगळीकडे आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. ऑइल आपोआप वाढत नाही. पट्टीवर पातळी चढली याचा अर्थ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनात ऑइल साठतं त्या भागात, दुसरं काहीतरी उतरतंय: पाणी, नाहीतर पेट्रोल. पाणी असतं तर ऑइल दुधाळ, चहात साय कालवल्यासारखं दिसतं. आमचं ऑइल स्वच्छ होतं, पण पट्टी नाकाशी नेली की पेट्रोलचा वास येत होता आणि बोटांत चोळलं तर चिकटपणा लागत नव्हता.

आधी इंजिनाविषयी. २० फुटी फायबरची बोट, त्यावर ३० अश्वशक्तीचं चार स्ट्रोक, तीन सिलेंडरचं इंजेक्शनवालं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन. फिल्टरसकट ऑइल २ लिटर. काम पक्षी दाखवायचं. म्हणजे काठावरून १० मिनिटं जायचं आणि मग पट्टकदंब, चक्रवाक बिथरू नयेत म्हणून दीड-दोन तास ९०० आरपीएमवर स्लो फिरायचं. दुखणं या कामाच्या पद्धतीतच होतं, पण ते कळायला डिसेंबर उजाडला.

पट्टी बघण्याची रीत आधी पक्की करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे निघतात. आऊटबोर्ड रात्रभर वर उचललेलं असेल तर ऑइल भलतीकडे साठतं. इंजिन सरळ उभं करून किमान १५ मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालायची आणि दुसऱ्यांदा काढल्यावरच वाचायची. पुसायला सोलापुरी टॉवेलचा तुकडा वापरू नका. आपल्याकडे तो हाताशी असतोच, पण त्याचे धागे पट्टीबरोबर आत जातात. जुन्या धोतराचं विरलेलं कापड सगळ्यात चांगलं.

आमच्या पट्टीवर दोन खुणांमध्ये १६ मिमी अंतर आहे. नवं ऑइल ५०-५० मिली मोजून भरताना लिहून ठेवलं होतं, त्यावरून १ मिमी म्हणजे साधारण २५ मिली. पातळी ५ मिमी वाढली होती, म्हणजे जवळजवळ १२५ मिली पेट्रोल आत गेलेलं. अर्धा ग्लास! ही वही नसती तर "थोडं वाढलंय" यापलीकडे काही सांगता आलं नसतं.

१९ तारखेला सोलापुरात नव्या पेठेतून प्रयोगशाळेत वापरतात ते गोल फिल्टर पेपर आणले, १२० रुपये. एका कागदावर नव्या ऑइलचा थेंब, दुसऱ्यावर पट्टीवरचा. कागद ग्लासच्या काठावर ठेवायचा, म्हणजे थेंबाखाली काही टेकत नाही. चार तासांनी नव्या ऑइलचा एकसारखा पिवळट डाग होता. वापरलेल्याच्या मधोमध करडा ठिपका, त्याभोवती ऑइलचं कडं, आणि त्याच्याही बाहेर पुसटसं, जवळजवळ पारदर्शक असं आणखी एक कडं पसरलेलं. ते बाहेरचं कडं इंधनाचं. किती इंधन आहे हे कागद सांगत नाही, आहे एवढंच सांगतो.

इथे एक कळकळीची सूचना. ऑइलात पाणी आहे का बघायला काही जण थेंब तापलेल्या तव्यावर टाकून तडतड ऐकतात. पेट्रोलचा संशय असेल तर हे अजिबात करू नका. पेट्रोल मिसळलेलं ऑइल फार कमी तापमानाला पेट घेतं.

पुढचं पाऊल चुकलं. "ऑइल पातळ झालंय ना, मग जाड टाका" या सल्ल्यावरून २५ नोव्हेंबरला मोटारसायकलचं २०डब्ल्यू-५० भरलं. ९०० रुपयांचं ऑइल, ६५० रुपयांचा फिल्टर. पहिले दोन दिवस इंजिनचा आवाज मऊ वाटला. ९ डिसेंबरला, १६ तासांनंतर, पातळी ४ मिमी वर. पेट्रोल येतंय तेवढंच येत होतं, फक्त जाड ऑइलात लपत होतं. त्या दिवशी इंजिन बंद केलं आणि दोन आठवड्यांची बुकिंगं परत केली. ऐन हंगामात ते जड गेलं, पण पातळ ऑइलावर बेअरिंग गेलं असतं तर हंगामच गेला असता.

एक गोष्ट मात्र नेमकी झाली होती. पहिलं ऑइल काढताना, धार निम्मी वाहून गेल्यावर, कोरड्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर धरून झाकण घट्ट लावलं होतं. सुरुवातीच्या धारेत तळाचा गाळ येतो आणि उघड्या डब्यात पेट्रोल उडून जातं, म्हणून मधली धार आणि बंद बाटली. ११ डिसेंबरला त्यातलं २०० मिली आणि त्याच ब्रँडचं नवं ऑइल २०० मिली, असे दोन नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन दिले. कुरिअरवाले असा द्रवपदार्थ घेत नाहीत. फॉर्मवर इंजिनचे एकूण तास, ऑइलचे तास, ऑइलचा ग्रेड आणि इंधन लिहावं लागतं. "ऑइलचे तास" हा रकाना रिकामा सोडला तर अहवालाला अर्थ राहत नाही. दोन नमुन्यांचे ४,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ४,७२०. नव्या ऑइलचा नमुना बरोबर द्याच, नाहीतर घसरण कुठून मोजणार?

बारा दिवसांनी अहवाल आला. १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा: नवं १०.६ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), वापरलेलं ७.४. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, २२६ वरून १४८ अंशांवर. इंधनाचं प्रमाण ६.१ टक्के. पाणी नगण्य, लोखंडाचे कण थोडे चढलेले. एसएई या घट्टपणाच्या मानकात ३० ग्रेडला १०० अंशांवर किमान ९.३ सेंटिस्टोक लागतात, ६.९ ते ९.३ हा एसएई २० चा पट्टा. म्हणजे डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं ऑइल २२ तासांत २० च्या ग्रेडमध्ये घसरलं होतं. वहीतला १२५ मिलीचा अंदाज आणि प्रयोगशाळेचे ६.१ टक्के जवळजवळ जुळले, तेव्हा त्या १६ मिमीच्या पट्टीबद्दल आदर वाटला.

आता पेट्रोल येतंय कुठून? घाईने इंजिन खोलू नका. स्वस्त आणि सोपं आधी, महाग नंतर.

बऱ्याच आऊटबोर्डांवर कॅमवर चालणारा पडद्याचा फ्युएल पंप असतो. त्याचा रबरी पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, पण मग पातळी भराभर चढते, अशी बावीस तासांत ५ मिमी नाही. तरी पंप काढून पाहिला. पडदा धड होता, मागची बाजू कोरडी. तिन्ही प्लग काळे, काजळीचे, पण तिन्ही सारखेच. एकच प्लग काळा असता तर त्या सिलेंडरच्या इंजेक्टरवर संशय गेला असता. तरी तिन्ही इंजेक्टर सोलापुरात कारच्या गॅरेजमधल्या बेंचवर तपासले, ३५० रुपयांना एक. बंद स्थितीत एकही ठिबकत नव्हता. कॉम्प्रेशन तिन्हींत जवळजवळ सारखं, म्हणजे पिस्टनच्या रिंगाही ठीक.

उरलं तापमान. ९५० रुपयांची तापमान मोजायची गन घेतली आणि २६ डिसेंबरला सकाळी इंजिन ९०० आरपीएमवर २० मिनिटं चालवून हेडवर, थर्मोस्टॅटच्या झाकणाशेजारी रोखली. ३९ अंश. हात ठेवला तरी भाजत नव्हता.

आऊटबोर्डला रेडिएटर नसतो. इंपेलर, म्हणजे पंपाचं चाक, तलावाचं गार पाणी ओढतो, ते इंजिनातून फिरून परत तलावात जातं. समुद्रात क्षार साठू नयेत म्हणून ही इंजिनं मुळातच कारपेक्षा थंड ठेवलेली असतात, कारसारखी ९० अंशांवर नाही. उजनीचं पाणी गोडं, पण इंजिन तेच. थर्मोस्टॅटचं काम, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवायचं. तो उघडाच राहिला तर स्लोवर इंजिन कधीच तापत नाही. मग थंड भिंतीवर पेट्रोलची वाफ होत नाही, थेंब रिंगांच्या बाजूने खाली ओघळतात. शिवाय इंजिन थंड आहे असं सेन्सर सांगतो, तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल आणखी वाढवतो. आणि ऑइलही थंड, त्यामुळे आत आलेलं पेट्रोल उडून जायला वाव नाही.

थर्मोस्टॅटचं झाकण १० मिमीच्या बोल्टांनी बसवलेलं असतं. बोल्ट हळू सोडा, आऊटबोर्डचे बोल्ट तुटले तर खर्च वेगळाच. आत व्हॉल्व्ह अडीच मिमी उघडा होता आणि त्याच्या काठात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा अडकलेला. पांढरा, एका बाजूला अजून शिंपल्याची चकाकी, दुसऱ्या बाजूला पितळेने घासून पडलेली रेघ. एवढ्याशा तुकड्याने दोन महिने खाल्ले.

तुकडा काढल्यावरही व्हॉल्व्ह पुरता मिटेना. तपासायची रीत अशी: व्हॉल्व्हच्या फटीत शिवणाचा दोरा धरून थर्मोस्टॅट पातेल्यात लटकवायचा, पातेल्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी हळूहळू तापवायचं. उघडला की दोरा सुटून तो खाली पडतो. त्या क्षणाचं तापमान थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी जुळायला हवं. आमच्यावर ६० कोरलं होतं, आणि आमचा तर थंड पाण्यातही दोरा धरत नव्हता.

२८ डिसेंबरला वॉरंटीचा अर्ज केला. लागलेले कागद: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, नंबर प्लेटचा आणि तासमीटरचा फोटो, सर्व्हिसच्या नोंदी आणि प्रत्येक ऑइलचं बिल. नऊ दिवसांनी ६ जानेवारीला उत्तर आलं: बाहेरची वस्तू अडकल्याने थर्मोस्टॅट वॉरंटीत बसत नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती, २०डब्ल्यू-५० हे मॅन्युअलमधलं ऑइल नाही, पुढे असं झाल्यास वॉरंटीवर परिणाम होईल. पहिल्या मुद्द्यावर हळहळ वाटली, दुसऱ्यावर वाद घालायला जागाच नव्हती. ऑइलच्या बिलावर ग्रेड आणि मानांकन लिहून घ्या. "इंजिन ऑइल २ ली." एवढंच लिहिलेलं बिल अशा वेळी उपयोगाचं नाही. थर्मोस्टॅट आणि गॅस्केट १,७१० रुपयांना मुंबईहून मागवलं, ९ जानेवारीला पोचलं.

आता ऑइलची निवड. ती इतक्या उशिरा का सांगतोय, तर कारण सापडण्याआधी निवडलेलं ऑइल म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

चार स्ट्रोक आऊटबोर्डसाठी डब्यावर एफसी-डब्ल्यू हे मानांकन शोधा. अमेरिकेतल्या एनएमएमए या संस्थेचं आहे. त्यात गंज रोखण्याची आणि घट्टपणा टिकवण्याची चाचणी असते. कारचं ऑइल रोज गरम होऊन कोरडं होतं, बोटीचं आठवडाभर पाण्यावर गार पडून राहतं, त्यामुळे गंजाचा मुद्दा हलका नाही. टीसी-डब्ल्यू३ हे मात्र दोन स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. नावं सारखी दिसतात म्हणून ते चार स्ट्रोकच्या चेंबरमध्ये ओतू नका. आणि नव्या कारचं ०डब्ल्यू-२० कितीही महागडं असलं तरी ते मायलेज वाचवायला मुळातच पातळ केलेलं असतं. त्यात पेट्रोल मिसळलं की उरतं काय?

ग्रेडचा पहिला आकडा थंडीतला. १०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यू ची उणे १५ वर. सोलापूर जिल्ह्यात त्याने काही बिघडत नाही. आपल्याला बघायचा तो दुसरा आकडा. आमच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही चालतात. १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात ऑइलची फिल्म किती टिकते याची किमान मर्यादा ३० ला २.९ आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. स्लोवर फिरणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोल येतच राहणार, तेव्हा ही जास्तीची गंगाजळी हवी. म्हणून एफसी-डब्ल्यू १०डब्ल्यू-४०, ९५० रुपये लिटर. मॅन्युअलमध्ये ४० नसेल तर मनाने चढू नका.

डिझेल लाँचवाल्यांचं गणित वेगळं. तिथे सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० योग्य असतं, पण डिझेल मिसळलं तर ते इंजिन तापवून उडत नाही. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांत उकळतं, चेंबरमधलं ऑइल तिथवर तापतच नाही. त्यांनी इंजेक्टरचं ठिबकणं आणि फीड पंप बघून ऑइल बदलायचंच. पेट्रोलचा हलका भाग मात्र गरम ऑइलातून उडतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, परत इंजिनात जाऊन जळतो.

पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात इथेनॉल नवीन नाही, पण बऱ्याच आऊटबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, थंड इंजिनात ते आणखी अडचणीचं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. आम्ही आठवड्यापुरतंच पेट्रोल आणतो आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर दर महिन्याला उघडून बघतो.

१० जानेवारीला थर्मोस्टॅट बसवला, ऑइल-फिल्टर बदललं. जुनं ऑइल पट्टीच्या नळीतून ओढायचा हातपंप १,१०० रुपयांना घेतला. बोट पाण्यात असताना खालचा नट उघडायचा नाही म्हणजे नाही. उजनीचं पाणी पाइपने सोलापूर शहरात प्यायला येतं. तिथे ऑइलचा एक थेंब सांडणं म्हणजे आपल्याच माठात सांडणं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचरा आहे. परवानाधारक गोळा करणारे दोन-चार लिटरसाठी येत नाहीत, म्हणून त्यांना माल देणाऱ्या मोठ्या गॅरेजच्या पिंपात ते टाकतो. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला कोणी मागितलं तरी देऊ नका, यात पेट्रोल आहे. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

त्याच सकाळी स्लोवर २० मिनिटांनी गन रोखली: ५९ अंश.

चालवण्याची पद्धतही बदलली. स्लोवर सलग अर्धा तास झाला की पक्ष्यांपासून लांब, मोकळ्या पाण्यात जाऊन १५ मिनिटं ३,५०० ते ४,००० आरपीएम. फेरी संपताना तर नक्कीच, कारण स्लोवरून थेट काठाला लागलं की पेट्रोल आत तसंच राहतं. पक्षी बघायला आलेल्यांना आधी सांगितलं तर कुणी तक्रार करत नाही. मॅन्युअल १०० तासांनी ऑइल बदलायला सांगतं, या कामाला आम्ही ५० धरले. पातळी ५ मिमी चढली तर त्याआधीच.

२२ फेब्रुवारीला, ४० तासांनंतर, पट्टीवर वाढ १ मिमी. नमुना पुण्याला दिला, २,३६० रुपये. ४ मार्चला अहवाल आला: इंधन १.८ टक्के, व्हिस्कॉसिटी १२.९ सेंटिस्टोक. एसएई ४० ची खालची हद्द १२.५, म्हणजे ऑइल अजून आपल्या ग्रेडमध्ये होतं. तो कागद दोनदा वाचला.

एकूण खर्च १६,११० रुपये. त्यातले थर्मोस्टॅट, एकदाचं ऑइल आणि फिल्टर मिळून ४,२६० अटळ होते. तापमानाची गन पहिल्याच दिवशी रोखली असती तर इंजेक्टर तपासणी आणि २०डब्ल्यू-५० वाचलं असतं, आणि पहिला अहवालही कदाचित. म्हणून पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर सगळ्यात आधी हेडचं तापमान मोजा. गन नसेल तर शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

उन्हाळ्यात धरण मायनसकडे, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं की इंपेलर गाळ आणि शिंपले जास्त ओढतो. एप्रिलमध्ये झाकण खोलून थर्मोस्टॅट बघायचा असं वहीत लिहून ठेवलंय, आणि एक जादा थर्मोस्टॅट गॅस्केटसकट बोटीच्या पेटीत आहे.